साम्राज्याशी झुंजणारे गाव कोणाचे?

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी 'अ‍ॅस्टेरिक्स' या फ्रेंच चित्रकथामालेचा ४१वा अल्बम युरोपातील पुस्तकांच्या दुकानांत एकाच वेळी दाखल झाला. या वेळी कथानायक लुसिटानियाला, म्हणजे आजच्या पोर्तुगालला, गेला आहे. अल्बमच्या सुमारे ५० लाख प्रती छापण्यात आल्या. कथा-कादंबऱ्यांच्या खपाची चिंता वाहणाऱ्या प्रकाशन व्यवसायात हा आकडा स्वप्नवतच म्हणावा लागेल. मात्र मुखपृष्ठावर ठळकपणे झळकणाऱ्या दोन नावांपैकी एक लेखक १९७७ साली निवर्तला आणि दुसरा चित्रकार २०२० साली. निर्माते गेले, तरी त्यांच्या मानसपुत्राचे वय वाढत नाही आणि त्याची भ्रमंतीही थांबत नाही. तो आता नेमका कोणाचा, हा प्रश्न फ्रान्समध्ये कित्येक वर्षे न्यायालयांत, वृत्तपत्रांत आणि एका कुटुंबाच्या दिवाणखान्यातही लढवला गेला. साम्राज्याला न जुमानणाऱ्या एका चिमुकल्या गावाची ही कथा जन्माला कशी आली, हे पाहिले तर त्या भांडणाचा अर्थ अधिक उलगडतो.

कथेची मांडणी आता जगजाहीर आहे. काळ ख्रिस्तपूर्व ५०. ज्युलियस सीझरने संपूर्ण गॉल, म्हणजे स्थूलमानाने आजचा फ्रान्स, पादाक्रांत केला आहे. अपवाद फक्त वायव्य किनाऱ्यावरील आर्मोरिका प्रांतातील एका गावाचा. रोमनांच्या चार छावण्यांनी वेढलेले हे गाव काही केल्या शरण येत नाही. गावचा वृद्ध पुरोहित एक जादूचा काढा बनवतो. तो प्यायला की माणसाच्या अंगी अमानवी बळ येते. अ‍ॅस्टेरिक्स हा ठेंगणा, चलाख योद्धा. त्याचा अगडबंब मित्र ओबेलिक्स लहानपणी त्या काढ्याच्या कढईतच पडला होता. परिणामी तो कायमचा बलाढ्य झाला आणि काढा मागण्याचा त्याचा हक्क कायमचा गेला. आकाश डोक्यावर कोसळेल, एवढ्या एकाच गोष्टीची या गावकऱ्यांना भीती वाटते. प्रत्येक कथेच्या शेवटी चांदण्यात मेजवानी झडते आणि बेसूर गाणाऱ्या भाटाला बहुधा झाडाला बांधून ठेवलेले असते.

या अस्सल फ्रेंच नायकाचे दोन्ही जनक स्थलांतरितांच्या घरातले होते. रेने गॉसिनी यांचा जन्म १९२६ साली पॅरिसमध्ये झाला, तो पोलंड आणि युक्रेनमधून आलेल्या ज्यू आई-वडिलांच्या पोटी. ते दोन वर्षांचे असताना कुटुंब अर्जेंटिनात गेले आणि त्यांचे बालपण ब्युनॉस आयर्समध्ये सरले. युद्धकाळात युरोपात राहिलेले त्यांच्या आईकडील काही नातलग नाझींच्या छळछावण्यांत मारले गेले. १९४३ मध्ये वडील अकस्मात वारले आणि जेमतेम शाळा संपवलेल्या गॉसिनी यांना नोकरी धरावी लागली. पुढे ते आईसह न्यूयॉर्कला गेले. तेथे काही काळ कमालीच्या विपन्नावस्थेत काढल्यावर एका स्टुडिओत त्यांची गाठ हार्वी कुर्ट्झमन या व्यंगचित्रकाराशी पडली. याच कुर्ट्झमन यांनी १९५२ साली 'मॅड' हे नियतकालिक सुरू केले. अमेरिकेतील बोचऱ्या विडंबनाचे संस्कार घेऊन गॉसिनी १९५१ मध्ये युरोपात परतले.

अल्बेर युदेर्झो यांचे आई-वडील इटलीहून आलेले. १९२७ साली फीम या गावी जन्मलेल्या या मुलाच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती. जादाची बोटे शस्त्रक्रियेने काढावी लागली. शिवाय त्याला रंगांधळेपणा होता. अशा मुलाने पुढे चित्रकार व्हावे आणि तेही युरोपातील सर्वाधिक खपाच्या चित्रकथांचा, हा योगायोग फ्रेंच पत्रकारांनी आवडीने पुन्हा पुन्हा सांगितला आहे. रंगांच्या बाबतीत युदेर्झो यांना आयुष्यभर दुसऱ्यांवर अवलंबून राहावे लागले. त्यांच्या काळ्या रेषेत मात्र विलक्षण गती होती.

१९५१ साली दोघांची भेट झाली आणि पहिल्या भेटीतच मैत्र जुळले. त्या काळी चित्रकथेचा लेखक ही कोणी वेगळी व्यक्ती असते, हे प्रकाशकांना मान्यच नव्हते. पैसे चित्रकाराला मिळत; लेखकाने त्यांतून आपला वाटा मागून घ्यावा, अशी रीत होती. १९५६ मध्ये गॉसिनी, युदेर्झो आणि जाँ-मिशेल शार्लिए यांनी लेखक व चित्रकारांच्या हक्कांसाठी एक सनद तयार करण्याचा प्रयत्न केला. त्याचे फळ त्यांना तत्काळ मिळाले. ज्या संस्थेसाठी ते काम करीत होते, तिने गॉसिनी यांना काढून टाकले. उरलेले दोघेही त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडले. निर्मात्याचा हक्क हा विषय या मालिकेच्या इतिहासात नंतर वारंवार डोके वर काढतो. त्याचे मूळ अ‍ॅस्टेरिक्सच्या जन्मापूर्वीचेच आहे.

बेकारीतून या मंडळींनी आपली छोटी संस्था उभी केली आणि तिच्यातून 'पिलोत' हे साप्ताहिक आकाराला आले. रेडिओ लक्झेंबर्गचे पाठबळ त्याला मिळाले. साप्ताहिकामागील एक उद्योगी गृहस्थ फ्रान्स्वा क्लोतो यांची एकच अट होती: अमेरिकन सुपरहीरोंची नक्कल नको, फ्रेंच संस्कृतीतून काहीतरी काढा. प्रथम मध्ययुगातील लबाड कोल्ह्याच्या प्रसिद्ध कथा निवडण्यात आल्या. काम सुरूही झाले. तेवढ्यात हा विषय दुसऱ्या एका चित्रकाराने आधीच हाताळल्याचे उघडकीस आले. पहिला अंक निघायला अवघे दोन महिने उरले होते.

१९५९ च्या उन्हाळ्यातील त्या दुपारी बोबिन्यी या पॅरिसच्या उपनगरात, युदेर्झो यांच्या सरकारी वसाहतीतील फ्लॅटमध्ये दोघे बसले होते. गॉसिनी यांनी मित्राला फ्रान्सच्या इतिहासातील कालखंड एकामागून एक सांगायला लावले. अश्मयुग झाले आणि पाळी आली गॉलांची. तेथेच गाडी थांबली. पुढच्या सुमारे पंधरा मिनिटांत गाव, काढा, भाट, नायक सारे सुचले, असे दोघेही नंतर सांगत असत. अशा आख्यायिकांत थोडी भर पडतच असते. पण घाई मात्र खरी होती. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी 'पिलोत'चा पहिला अंक निघाला आणि त्यात अ‍ॅस्टेरिक्स होता.

गॉलच का, याला कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फ्रेंच शाळांत प्रत्येक पिढीला 'आपले पूर्वज गॉल' हे पाठ्यपुस्तकी वाक्य घोकावे लागत होते. सीझरविरुद्ध गॉल टोळ्यांना एकत्र आणणारा व्हर्सिंजेटोरिक्स ख्रिस्तपूर्व ५२ मध्ये आलेसिया येथे पराभूत झाला; तो राष्ट्रपुरुष ठरला. तिसऱ्या नेपोलियनने १८६५ साली त्याचा भव्य पुतळा उभारला. गॉसिनी व युदेर्झो यांनी या गंभीर पूर्वजांना विनोदाच्या हवाली केले. गावच्या नायकाचे नाव ठरताना तो 'इक्स' प्रत्यय व्हर्सिंजेटोरिक्सवरूनच आला. त्यातील 'रिक्स' म्हणजे राजा. लॅटिनमधील 'रेक्स' आणि संस्कृतमधील 'राजन्' हे त्याचेच भाषाबंधू. अ‍ॅस्टेरिक्स आणि ओबेलिक्स ही नावे मात्र छापखान्यातून आली. तळटीप दाखवणाऱ्या तारकाचिन्हावरून पहिले, तर कट्यारीच्या आकाराच्या दुसऱ्या खुणेवरून आणि दगडी सुळक्यावरून दुसरे.

नायक कसा असावा, यावर दोघांचे एकमत नव्हते. युदेर्झो यांनी प्रथम धिप्पाड, पिळदार गॉल योद्धा रेखाटला होता. गॉसिनी यांना नायक लहानखुरा आणि दिसायला सामान्य हवा होता. बळाने नव्हे, तर डोक्याने जिंकणारा. युदेर्झो यांनी मित्राचे ऐकले, पण आपला धिप्पाड माणूसही सोडला नाही. तो हळूच शेजारी उभा केला. तो ओबेलिक्स. पहिल्या कथेत त्याला फारसे कामच नाही. पुढे मात्र त्याच्याविना मालिकेची कल्पनाही अशक्य झाली. छोटा कुत्राही असाच आगंतुक. गॉलच्या प्रवासाच्या कथेत तो दोघांच्या मागे-मागे चालताना दिसतो, कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. वाचकांनी मात्र ते दिले. त्याचे नाव ठरवण्यासाठी 'पिलोत'ने स्पर्धा घेतली आणि 'इदेफिक्स' हे नाव वाचकांकडूनच आले. झाड तोडले की हा कुत्रा आक्रोश करतो.

इतिहासतज्ज्ञांनी या जगातील चुका केव्हाच दाखवून दिल्या आहेत. ओबेलिक्स पाठीवर वाहतो ते मेनहिर, म्हणजे उभे पाषाणस्तंभ, गॉलांच्या काही हजार वर्षे आधीचे आहेत. उत्खननांत सापडलेल्या हाडांवरून गॉल लोक रानडुक्कर क्वचितच खात, पाळीव डुकरेच अधिक, हेही स्पष्ट झाले आहे. परंतु आजच्या फ्रेंच माणसाच्या डोळ्यांसमोर गॉलांचे जे चित्र उभे राहते, ते पुरातत्त्वज्ञांपेक्षा या दोघांनीच घडवलेले आहे.

यश लगेच आले नाही. १९६१ मधील पहिल्या अल्बमच्या केवळ ६ हजार प्रती निघाल्या. नंतरची चढण मात्र थक्क करणारी. १९६५ मध्ये क्लिओपात्राची कथा आली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला फ्रान्सने स्वतःच्या रॉकेटने पहिला उपग्रह अवकाशात सोडला आणि त्याला टोपणनाव मिळाले 'अ‍ॅस्टेरिक्स'. सप्टेंबर १९६६ मध्ये 'लेक्सप्रेस' या प्रतिष्ठित साप्ताहिकाने मुखपृष्ठावर या 'घटने'ची दखल घेतली. त्या वर्षीच्या ब्रिटनविषयीच्या अल्बमच्या प्रती लाखांच्या हिशेबात छापल्या गेल्या. मुलांचे म्हणून निघालेले पुस्तक आता वडीलही उघडपणे वाचू लागले होते.

त्याचे कारण कथानकात कमी आणि पोतात अधिक आहे. मुलांना मारामाऱ्या, हवेत उडणारे रोमन सैनिक आणि दर वेळी जहाज बुडवून घेणारे दुर्दैवी चाचे पुरेसे होते. मोठ्यांना त्याच चौकटीत समकालीन फ्रान्स दिसत असे: नव्या वसाहतींचे बिल्डर, वाढता व्यापार, सुट्टीतील वाहनकोंडी, बढतीसाठी हपापलेले नोकरशहा. मेनहिरच्या विक्रीवरून सारे गाव पैशाच्या मागे लागते, ती १९७६ मधील कथा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही शिकवावी अशी आहे. शेजारी देशांची थट्टाही यथेच्छ. पण थट्टा ज्या ठोकळेबाज समजुतींवर चालते, त्या समजुती बाळगणारे फ्रेंच लोकच बहुतेकदा अधिक हास्यास्पद ठरतात. व्यापलेला देश, न झुकणारे गाव, हे पाहून अनेकांना नाझी अंमलातील प्रतिकार चळवळ आठवली, तर काहींना अमेरिका व रशिया यांच्यापासून अंतर राखणारे अध्यक्ष द गॉल. गॉसिनी असले सारे अर्थ झटकून टाकत. लोकांना हसवण्यापलीकडे आपला हेतू नाही, असे ते सांगत.

अर्थ चिकटवणे किती महागात पडू शकते, याचा अनुभव त्यांना जर्मनीत आला. १९६५ मध्ये रोल्फ काउका या प्रकाशकाने अ‍ॅस्टेरिक्सचे जर्मन रूपांतर छापायला घेतले. त्यात नायकांना 'झिगी' आणि 'बाबारास' अशी जर्मन नावे मिळाली, गाव तत्कालीन राजधानी बॉनची आठवण करून देणारे झाले आणि विनोदाच्या जागी शीतयुद्धातील राष्ट्रवादी शेरेबाजी आली. ज्याच्या घरातली माणसे छळछावण्यांत गेली, त्या लेखकाच्या पात्रांच्या तोंडी हे संवाद! गॉसिनी यांना ते कळताच त्यांनी हक्क काढून घेतले. त्यानंतर दुसऱ्या प्रकाशकाकडे विश्वासू अनुवाद झाला आणि जर्मनी ही फ्रान्सखालोखाल या मालिकेची सर्वांत मोठी बाजारपेठ बनली.

इंग्रजीतही सुरुवात अशीच आडवळणाची. १९६३ मध्ये एका ब्रिटिश मुलांच्या साप्ताहिकात हे दोघे 'लिटल फ्रेड आणि बिग एड' नावाने, चक्क प्राचीन ब्रिटनचे रहिवासी म्हणून अवतरले होते. भारतातील वाचकांना परिचित असलेला इंग्रजी अ‍ॅस्टेरिक्स १९६९ पासूनचा. तो अँथिया बेल आणि फ्रेंचचे प्राध्यापक डेरेक हॉकरिज या जोडीने घडवला. बेल यांचे वडील 'द टाइम्स'च्या पहिल्या शब्दकोड्याचे कर्ते होते. घरातच शब्दांशी खेळ होता म्हणायचा. झेबाल्ड आणि काफ्का यांचे अनुवाद करणाऱ्या या विदुषीने चित्रकथेलाही तीच निष्ठा दिली.

त्यांचे काम किती अवघड होते, याचा अंदाज एका कुत्र्यावरून येतो. 'इदेफिक्स' म्हणजे फ्रेंचमध्ये डोक्यात घट्ट बसलेली कल्पना. बेल व हॉकरिज यांनी त्याचे 'डॉगमॅटिक्स' केले: अर्थ जवळपास तोच, शिवाय नावात कुत्रा दडलेला. बेसूर भाटाचे फ्रेंच नाव सर्वंकष विम्यावरून होते; इंग्रजीत तो 'कॅकोफोनिक्स' झाला. ब्रिटनच्या अल्बमने तर पेचच टाकला. मुळात तेथे ब्रिटन लोक इंग्रजी वाक्यरचनेची फ्रेंच बोलतात आणि फ्रेंच वाचक हसतो. तीच गंमत इंग्रजीत आणायची कशी? अनुवादकांनी त्यांना जुन्या उच्चभ्रू क्लबातील साहेबी इंग्रजी बहाल केली. शब्दन्‌शब्द बदलला, पण मूळ लेखकाला अपेक्षित असलेले हसू त्याच चौकटीत, त्याच पात्राच्या तोंडी आले. गॉसिनी स्वतः उत्तम इंग्रजी जाणत. त्यामुळे हे काम त्यांच्या पसंतीला उतरणे ही मोठीच पावती होती.

मुंबई-पुण्यातील इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या काही पिढ्या या बेल-हॉकरिज यांच्या अ‍ॅस्टेरिक्सवर वाढल्या. अनेकांना मूळ पुस्तक फ्रेंच आहे, हे बऱ्याच उशिरा समजले असेल. भारत स्वतः या मालिकेत १९८७ मध्ये येतो. गंगेच्या खोऱ्यातील एका राज्यात पाऊस नाही आणि तो न पडल्यास राजकन्येचा बळी दिला जाणार आहे. फकीर उडत्या सतरंजीवरून थेट गॉलांच्या गावी येतो. कारण तेथील भाट गायला लागला की हमखास पाऊस पडतो. मेघमल्हाराच्या आख्यायिका ऐकलेल्या वाचकाला यात वेगळीच मौज वाटते, मग युदेर्झो यांना त्या ठाऊक असोत वा नसोत. बाकी त्या अल्बममधील भारत म्हणजे अरबी सुरस कथा आणि राजे-महाराजे यांची सरमिसळच आहे.

त्या वेळी युदेर्झो एकटे होते. ५ नोव्हेंबर १९७७ रोजी, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, पॅरिसमधील एका दवाखान्यात हृदयाची क्षमताचाचणी चालू असताना गॉसिनी यांचा मृत्यू झाला. बेल्जियमविषयीच्या अल्बमचा मजकूर त्यांनी पूर्ण केला होता, चित्रे अर्धवट होती. युदेर्झो यांना पुढे रेखाटवेना. त्यातच प्रकाशक दार्गो यांच्याशी मानधन आणि हक्कांवरून आधीपासून वाद होता. काम पूर्ण करण्याचा तगादा न्यायालयापर्यंत गेला. अखेर १९७९ मध्ये अल्बम निघाला. त्याच्या उत्तरार्धात आभाळ काळवंडते आणि पाऊस सुरू होतो. कथेला पावसाची काही गरज नव्हती. मित्र गेल्यानंतर रेखाटलेल्या पानांवर युदेर्झो यांनी तो आणला.

मालिका येथेच थांबेल, असे समीक्षकांनी लिहूनही टाकले. युदेर्झो यांनी दार्गोंची साथ सोडली, १९७९ मध्येच दोघांच्या पहिल्या नावांची 'अल्बेर-रेने' ही प्रकाशनसंस्था काढली आणि लेखन व चित्रे दोन्ही स्वतःकडे घेतली. पुढील तीस वर्षांत त्यांचे दहा अल्बम आले. खप वाढतच राहिला. रेषेचे तेजही टिकले. पण संवादांतील ती धार, तो दुहेरी अर्थ क्वचितच परत आला. २००५ मध्ये तर गॉलांच्या गावात परग्रहावरील पाहुणे उतरले आणि एकनिष्ठ वाचकांनीही कपाळावर हात मारला. जुन्या २४ अल्बमच्या हक्कांसाठीचा दार्गोंविरुद्धचा दीर्घ खटला मात्र युदेर्झो व गॉसिनी यांची कन्या आन यांनी १९९८ मध्ये जिंकला. १९५६ सालच्या त्या सनदेची आठवण व्हावी, असाच हा निकाल होता.

एव्हाना अ‍ॅस्टेरिक्स हा पुस्तकापुरता राहिला नव्हता. १९६७ चा पहिला अ‍ॅनिमेशनपट निर्मात्यांना न विचारताच तयार झाला होता. पुढच्या चित्रपटांवर त्यांनी बारीक लक्ष ठेवले. १९८९ मध्ये पॅरिसच्या उत्तरेस 'पार्क अ‍ॅस्टेरिक्स' उघडले, ते पॅरिसजवळ डिस्नेचे उद्यान येण्याच्या तीन वर्षे आधी. जेरार देपार्दिय यांनी पडद्यावर ओबेलिक्स साकारला आणि आलँ शाबा यांचा क्लिओपात्रावरील २००२ चा चित्रपट एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १ कोटी ४० लाख प्रेक्षकांनी चित्रपटगृहांत पाहिला. २०१० मध्ये गॉल गावकऱ्यांची मेजवानी चक्क मॅकडोनाल्ड्सच्या दुकानात रंगल्याचे जाहिरात-फलक फ्रान्सभर लागले. भाट नेहमीप्रमाणे बाहेर झाडाला बांधलेला! प्रतिकाराचे प्रतीक अमेरिकन बर्गरच्या दावणीला, अशी टीका तेव्हा झाली.

खरे वादळ त्याआधीच उठले होते. डिसेंबर २००८ मध्ये युदेर्झो यांनी आपला ४० टक्के आणि आन गॉसिनी यांनी आपला २० टक्के हिस्सा हाशेत या बलाढ्य प्रकाशनसमूहाला विकला. त्याबरोबरच निर्मात्यांच्या पश्चात मालिका सुरू ठेवण्यास संमती दिली. माझ्यानंतर अ‍ॅस्टेरिक्स नाही, असे युदेर्झो पूर्वी अनेकदा म्हणाले होते. उरलेला ४० टक्के हिस्सा त्यांची कन्या सिल्वी यांच्याकडे होता. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी 'ल माँद'मध्ये उघड लेख लिहून वडिलांच्या निर्णयाला विरोध केला. गावाची वेस रोमन साम्राज्यासाठी उघडण्यासारखे हे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मग तक्रारी, प्रतितक्रारी, वकिलांच्या फेऱ्या. २०११ मध्ये सिल्वी यांनीही आपला हिस्सा हाशेतला दिला. बाप-लेकीचा समेट व्हायला २०१४ साल उजाडले.

युदेर्झो यांचा पक्ष अगदीच लंगडा नव्हता. वाचकांनाच ही मालिका हवी आहे, तर ती माझ्याबरोबर का संपवावी, असा त्यांचा युक्तिवाद. समोर उदाहरण होते टिनटिनचे. बेल्जियमचे एर्जे १९८३ मध्ये गेले; आपल्यानंतर दुसऱ्या कोणी टिनटिन रेखाटू नये, ही त्यांची इच्छा वारसांनी पाळली आणि तेव्हापासून नवा अल्बम आलेला नाही. टिनटिन त्यामुळे एका लेखकाची पूर्ण झालेली कृती म्हणून उभा आहे. अ‍ॅस्टेरिक्सने दुसरी वाट धरली आणि त्या वाटेवर गुणवत्तेचा चढउतार अटळ आहे.

वारसदार शोधणेही सोपे गेले नाही. युदेर्झो यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे काम केलेल्या सहायकाने अपेक्षांचे ओझे पेलवेना म्हणून माघार घेतली. अखेर चित्रकार दिदिए कोनराद आणि लेखक जाँ-इव्ह फेरी यांची निवड झाली. दोघांचाही जन्म १९५९ चा, म्हणजे अ‍ॅस्टेरिक्सच्याच वयाचे. २०१३ मध्ये त्यांचा स्कॉटलंडवरचा अल्बम आला आणि दर दोन वर्षांनी एक, हा क्रम रूढ झाला. २०१५ मधील कथेत गुप्त कागदपत्रे फोडणारा पात्ररूपी पत्रकार विकिलीक्सची आठवण करून देतो. २०१७ मधील इटलीतील रथशर्यतीत मुखवटा घालणाऱ्या रोमन सारथ्याचे नाव 'कोरोनाव्हायरस' होते. तीन वर्षांनी त्या पानांना अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली. २०२३ पासून लेखनाची धुरा फाबकारो यांच्याकडे आहे. त्यांच्या पहिल्याच अल्बममध्ये सीझर गावावर सैन्य पाठवत नाही, तर सकारात्मक विचारांचे गोड डोस पाजणारा एक गुरू पाठवतो. बराच काळ हरवलेली गॉसिनींची ती नेमकी चिमटा घेण्याची शैली तेथे काही पानांवर तरी परतली आहे.

वारशात जुने ओझेही आले. चाच्यांच्या जहाजावरील कृष्णवर्णीय टेहळ्याचे जाड ओठ आणि त्याची 'र' गाळणारी बोली साठच्या दशकात कोणाला खटकली नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेत नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तेथील वाचकांनी नेमके यावर बोट ठेवले. स्त्रियांना दिलेल्या जागेबद्दलही असेच म्हणता येईल. गावात त्या दीर्घकाळ भांडायला आणि मासळी विकायलाच होत्या. २०१९ च्या अल्बममध्ये व्हर्सिंजेटोरिक्सची तरुण, बंडखोर कन्या केंद्रस्थानी आली, ती या बदलत्या जाणिवेतूनच.

२४ मार्च २०२० रोजी, ९२ व्या वर्षी, युदेर्झो झोपेतच हृदयविकाराने गेले. फ्रान्स तेव्हा टाळेबंदीत होता. आजवर या मालिकेच्या सर्व भाषांतील मिळून सुमारे ४० कोटी प्रती विकल्या गेल्या असून, अनुवाद झालेल्या भाषा व बोलींची संख्या शंभराच्या पुढे आहे. लॅटिनचाही त्यांत समावेश आहे. सीझरच्या भाषेत गॉलांच्या विजयाच्या या कथा आज अनेक युरोपीय शाळांत लॅटिन शिकवण्यासाठी वापरल्या जातात.